शिडीची खालची पायरी

दिवाळीच्या अंकात फुटबॉल कशाला, असे काही वाचक विचारतील. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडला की त्यात कथा हवी, विनोद हवा, झालेच तर वर्षभविष्य हवे. तेथे हा मातीने माखलेला चेंडू कोठून आला? पण थोडा धीर धरा. घरात बारा-पंधरा वर्षांचा मुलगा असेल तर त्याच्या अंगातला सदरा एकदा नीट पाहा. पाठीवर अर्जेंटिनाच्या किंवा पोर्तुगालच्या खेळाडूचे नाव असेल. मँचेस्टर शहरात मोठे संघ दोन, लिव्हरपुलातही दोन, त्यांच्यात कोण कोणाचा हाडवैरी, हे सारे त्याला बाराखडीसारखे पाठ असते. आता त्याला इतकेच विचारा, "बाळ, तू स्वतः कोणत्या क्लबाकडून खेळतोस?" बाळ गप्प बसेल. दोष त्याचा नाही. त्याच्या गावात क्लबच नाही.

या सदरात आजवर आम्ही पुष्कळदा मोठ्या माणसांविषयी आणि मोठ्या घडामोडींविषयी लिहिले. यंदा लहान गोष्टीविषयी लिहायचे आहे. लहान देश, लहान गावे, त्यांचे लहान क्लब, आणि त्या क्लबांना एकमेकांशी बांधणारी एक शिडी. देशाचे नाव वेल्स. आपला मुक्काम मात्र तिरोडा, जिल्हा गोंदिया.

तिरोडा ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मुंबईहून हावड्याकडे जाणारा मोठा रेल्वेमार्ग नागपूर सोडून पूर्वेला वळतो, भंडारा रोड आणि तुमसर रोड मागे टाकतो, आणि गोंदिया येण्यापूर्वी आमचे स्टेशन लागते. पंचवीस हजारांच्या आसपास वस्तीचे हे तालुक्याचे गाव. भोवताली धानाच्या बांध्या, जुने तलाव, पलीकडे वैनगंगा. अलीकडच्या काळात येथे ३३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा राहिला आणि त्याच्या धुराड्यांनी गावाची क्षितिजरेषा बदलली. पण माणसाचे वर्ष अजून धानावरच चालते. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, रात्री दंडार किंवा झाडीपट्टीचे नाटक असते. धान कापून झालेली बांधी मोकळी झाली की तिच्यात पोरांचा खेळ रंगतो. खेळाची हौस येथे मुळीच कमी नाही. कमी आहे ती दुसरीच एक गोष्ट, आणि ती कोणती, हे समजून घ्यायला जरा दूर जावे लागेल.

वेल्स हा ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेचा डोंगराळ तुकडा. कोळशाच्या खाणी, मेंढ्या आणि गाणारी माणसे यांसाठी प्रसिद्ध. २०२१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ३१ लाख भरली. आता आपला हिशेब पाहा. २०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्यात १३ लाखांवर माणसे होती आणि भंडारा जिल्ह्यात १२ लाख. १९९९ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. म्हणजे वेल्स हा जो देश आहे, तो आपल्या जुन्या भंडारा जिल्ह्याहून माणसांनी फारसा मोठा नाही. एवढासा देश १९५८ साली विश्वचषकाच्या उपान्त्यपूर्व फेरीत गेला आणि ब्राझीलकडून अवघ्या एका गोलाने हरला. तो गोल मारणारा सतरा वर्षांचा पोरगा होता, त्याचे नाव पेले. पुढे २०१६ साली हाच देश युरोपच्या स्पर्धेत उपान्त्य फेरीपर्यंत पोचला आणि २०२२ साली पुन्हा विश्वचषकात खेळला.

हे कसे साधले? वेल्सच्या पाण्यात काही जादू असेल असे आम्हांला वाटत नाही. मात्र त्या देशाची फुटबॉल संघटना १८७६ साली स्थापन झाली. जगातली ती तिसरी जुनी संघटना. तिची करंडक स्पर्धा १८७७-७८ च्या हंगामात सुरू झाली. तेव्हापासून दर शनिवारी कोणी तरी कोठे तरी चुन्याच्या रेघा मारीत आहे, जाळ्या बांधीत आहे, खेळाडूंसाठी चहाचे आधण ठेवीत आहे. दीडशे वर्षे चाललेले हे शनिवार म्हणजेच वेल्सचे फुटबॉल.

आता ती शिडी. सर्वांत वर जी लीग आहे तिला हल्ली 'कम्री प्रीमियर' म्हणतात. कम्री हे वेल्स देशाचे त्यांच्या भाषेतले नाव. २०१० पासून अनेक हंगाम या लीगमध्ये बारा संघ ठेवलेले होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा आपल्या गावी, एकदा त्याच्या गावी. बावीस सामने झाले की वरचे सहा एका बाजूला, खालचे सहा दुसऱ्या बाजूला, आणि पुन्हा खेळ. वरच्या सहांना युरोपच्या स्पर्धांची आशा, खालच्या सहांना घसरण्याची धास्ती. त्याच्या खालच्या पायरीवर दोन लीगा, उत्तरेची एक, दक्षिणेची एक. त्याखाली 'अर्दल' नावाच्या चार प्रादेशिक लीगा. वेल्श भाषेत या शब्दाचा अर्थच मुळी 'परिसर' असा आहे. त्याच्याही खाली जिल्ह्याजिल्ह्यांच्या लीगा, आणि तळाशी अशी गावे की जेथे मैदानाशेजारी प्रेक्षकांपेक्षा मेंढ्या अधिक दिसाव्यात.

शिडीचा नियम साधा आहे. जो पहिला आला तो एक पायरी चढतो, जो तळाशी राहिला तो एक पायरी उतरतो. मैदान, दिवे, बसण्याची सोय वगैरे अटी पुऱ्या कराव्या लागतात, पण मूळ तत्त्व हेच. शाळेत जसा पास झालेला मुलगा वरच्या वर्गात जातो तसे. फरक इतकाच, की येथे वरच्या वर्गातला मुलगाही नापास झाला तर खाली येतो, मग त्याचे वडील कोणी का असेनात!

एखादा वाचक म्हणेल, यात विशेष ते काय? विशेष हे की तळाच्या गावातल्या मुलाच्या पायापासून देशाच्या पहिल्या लीगपर्यंत एक सलग वाट आहे. तो त्या वाटेने जाईलच असे नाही. शंभरातले नव्व्याण्णव जात नाहीत. पण वाट आहे हे ठाऊक असणे आणि वाटच नसणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

त्या वाटेवरच्या दोन-तीन कथा सांगण्याजोग्या आहेत. लान्सान्टफ्राइड नावाचे एक खेडे आहे. नाव उच्चारताना जीभ अडखळली तरी हरकत नाही, तेथल्या शेजारच्या इंग्रजांचीही अडखळते. वस्ती हजाराच्या आसपास, म्हणजे आपल्याकडची एखादी छोटी ग्रामपंचायत. या खेड्याचा क्लब पायरी-पायरीने चढत वरच्या लीगमध्ये पोचला. पुढे त्याने एका संगणक कंपनीचे नाव लावले, ती कंपनी विकली गेल्यावर २००६ मध्ये 'द न्यू सेंट्स' असे नवे नाव घेतले, आणि मैदानासाठी तो सीमेपलीकडच्या ऑस्वेस्ट्री गावी गेला. २०१६ च्या डिसेंबरात या क्लबाने ओळीने २७ सामने जिंकून हॉलंडच्या प्रसिद्ध आयाक्स संघाचा १९७२ पासूनचा विक्रम मोडला. २०२४ मध्ये युरोपच्या एका मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत स्थान मिळवणारा वेल्श लीगमधला तो पहिला क्लब ठरला. जुन्या खेड्यातल्या लोकांना त्या कंपनीच्या नावाचा आणि त्या स्थलांतराचा आनंद किती आणि खेद किती, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे.

दुसरी कथा बँगर गावची. १९६२ साली बँगर सिटी हा क्लब वेल्सचा करंडक जिंकून युरोपच्या स्पर्धेत गेला. तेव्हा तो इंग्लंडातल्या एका खालच्या लीगमध्ये खेळत असे. चिठ्ठी निघाली ती थेट इटलीच्या नेपोलीची. एकीकडे लाखोंच्या शहराचा श्रीमंत संघ, दुसरीकडे समुद्रकाठचे एक छोटे गाव. बँगरने आपल्या मैदानावर नेपोलीला २-० असे हरवले! नेपल्सला जाऊन ते ३-१ असे हरले. दोन्ही सामने मिळून गोल सारखेच, ३-३. पुढच्या काळात परगावी मारलेल्या गोलाला अधिक मोल देण्याचा नियम आला. तो नियम तेव्हा असता तर बँगरच पुढे गेले असते. तो नव्हता, म्हणून लंडनला तिसरा सामना झाला आणि नेपोली २-१ ने जिंकली. साठ वर्षे उलटली, तरी त्या गावात ही गोष्ट काल घडल्यासारखी सांगतात.

पण कथेचा उत्तरार्ध कडू आहे. याच बँगर सिटीचा कारभार पुढे बाहेरून आलेल्या मालकांच्या हाती गेला. पैशाचे प्रश्न उभे राहिले, खेळाडूंचे पगार थकले, संघटनेने क्लबाला निलंबित केले आणि २०२२ साली त्याने हंगामाच्या मध्यातच लीग सोडली. मात्र गावकरी हातावर हात ठेवून बसले नव्हते. २०१९ मध्येच त्यांनी 'बँगर १८७६' नावाचा स्वतःचा क्लब काढला. मालक कोणी एक शेठ नाही. वर्गणी भरणारा प्रत्येक सभासद मालक. आणि तो क्लब शिडीच्या खालच्या पायरीवरून पुन्हा चढू लागला.

बॅरी गावाचेही असेच झाले. २०१३ मध्ये मालकाने क्लब लीगमधून काढून घेतला. खेळाडू आणि गावकरी म्हणाले, मालक जाईल, पण क्लब आमचा आहे. प्रकरण न्यायालयात गेले, निकाल गावकऱ्यांच्या बाजूने लागला, आणि खालच्या लीगमध्ये त्यांना जागा मिळाली. तेथून एक-एक पायरी चढत २०१७ मध्ये बॅरी पुन्हा वरच्या लीगमध्ये आले. शिडीचा उपयोग केवळ चढण्यासाठी नाही. पडलेल्याला पुन्हा उभे राहण्यासाठीही तिची खालची पायरी लागते.

वेल्समध्ये सगळे सोन्याचे आहे असे मात्र समजू नये. त्यांची देशव्यापी लीग १९९२ साली सुरू झाली, म्हणजे संघटनेला एकशे सोळा वर्षे झाल्यावर! तोवर मोठे क्लब इंग्लंडातच खेळत. कार्डिफने १९२७ साली इंग्लंडचा करंडक जिंकला होता. इंग्लंडबाहेरच्या दुसऱ्या कोणत्याही क्लबाला आजवर ते जमलेले नाही. नवी लीग निघाली तेव्हा आठ क्लबांनी तिच्यात येण्याचे साफ नाकारून भांडण मांडले. कार्डिफ, स्वॉन्सी, न्यूपोर्ट आणि रेक्सम यांनी इंग्लंडची शिडी सोडली नाही. त्यांतल्या रेक्समला २०११ साली गावकऱ्यांच्या विश्वस्त मंडळाने बुडताना वाचवले. २०२१ मध्ये सभासदांच्या संमतीने तो क्लब दोन नामांकित चित्रपट-नटांनी घेतला आणि २०२३, २०२४, २०२५ अशा तीन वर्षांत तीन पायऱ्या चढला. नटांचे कौतुक जगभर झाले. परंतु मधली दहा वर्षे ज्या सामान्य माणसांनी वर्गणी काढून क्लब जिवंत ठेवला, त्यांच्यावाचून नटांना विकत घ्यायला उरले काय असते?

हे सारे वाचून एखादा म्हणेल, ती गोऱ्यांची हौस झाली, आपल्याकडे असे काही जमणारे नाही. त्यांना आम्ही कोल्हापूरचे तिकीट काढायला सांगू.

कोल्हापूर म्हणजे कुस्ती, हे शाळेतले पोरही सांगेल. पण त्या कुस्तीच्या तालमींनीच तेथे फुटबॉल पोसला, ही गोष्ट विदर्भात फारशी कोणाला ठाऊक नसते. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ, फुलेवाडी, उत्तरेश्वरची वाघाची तालीम. नावे ऐकली की लाल मातीचा वास येतो, आणि संघ मात्र फुटबॉलचे! पेठ तीच, तालमीचा कट्टा तोच, गणपती तोच आणि संघही तोच. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० मध्ये स्थापन झाली आणि छत्रपती घराण्याचा आधार तिला सतत लाभला. दिवाळी आटोपली की खेळाडूंच्या नोंदणीची गडबड उडते आणि मग पावसाळ्यापर्यंत शाहू स्टेडियमवर चेंडू विसावत नाही. वरिष्ठ गटात सोळा संघ. त्यांतले आठ वरच्या गटात, आठ त्याखालच्या. तळाला राहिले की खालच्या श्रेणीत उतरायचे, खालच्यांनी जिंकले की वर चढायचे. वेल्सची बारा संघांची सहा-सहा वाटणी आणि कोल्हापूरची सोळांची आठ-आठ वाटणी शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडचे कारभारी एकमेकांना कधी भेटले नसतील, पण शहाणपण एकाच वाटेने आलेले दिसते.

कोल्हापुरात मोठा सामना असला की हजारो माणसे मैदानात जमतात. आजोबा, बाप आणि नातू एकाच पेठेच्या संघासाठी घसा बसवून घेतात. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या संघात अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा होता. शहराने तो दिवस सणासारखा साजरा केला. अर्थात तेथेही नाण्याला दुसरी बाजू आहे. पेठेचा अभिमान कधी कधी डोक्यात जातो. मैदानातले भांडण रस्त्यावर येते. दगड उडाले, सामने थांबवावे लागले, असेही प्रसंग घडले आहेत. ज्या घरच्या आईला पोराच्या डोक्याला टाके पडलेले पाहावे लागले, तिला क्रीडाप्रेमावर व्याख्यान देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. जिव्हाळ्याला वळण लावावे लागते. पण वळण लावायला आधी जिव्हाळा तरी असावा लागतो.

मुंबईची गोष्ट निराळी. तेथली रोव्हर्स करंडक स्पर्धा १८९१ साली सुरू झाली. प्रारंभी ती गोऱ्या पलटणींचीच मिरास होती. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती मिरास मोडली. कूपरेजच्या मैदानावर हारवुड लीगचे सामने पाहण्यात मुंबईच्या कित्येक पिढ्यांच्या संध्याकाळी गेल्या. परंतु मुंबईचे पुष्कळ नामांकित संघ गिरण्यांचे, बँकांचे, कंपन्यांचे. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१० मध्ये तो संघ बंद झाला. विजेत्याला चार वर्षांत मूठमाती! कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याचा पैसा त्याचा निर्णय. पण पाटाकडील तालीम अशी बंद करता येईल का? कोणी सही करायची? तालमीला मालक नाही, म्हणून तिला बंद करणाराही नाही. वेल्समधल्या बॅरीच्या माणसांनी न्यायालयात जाऊन जे सिद्ध केले ते कोल्हापूरच्या पेठेला न सांगता ठाऊक आहे.

आता घराजवळ येऊ. नागपूरला लागून कामठी आहे. इंग्रजांनी १८२१ मध्ये तेथे छावणी वसवली. आज कामठीचे नाव फुटबॉलमध्ये घेतले जाते ते रब्बानी क्लबामुळे. मोठ्या शहराच्या सावलीतल्या या गावाने नागपूरच्या लीगमध्ये भल्याभल्यांना पाणी पाजले आहे. त्या लीगमध्ये राहुल क्लब आहे, यंग मुस्लिम आहे, बिडीपेठचा संघ आहे, नागपूर पोलीस आहेत, आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचाही संघ खेळत आला आहे. म्हणजे आमच्या तिरोड्याच्या फलाटावरून रोज ज्या रेल्वेच्या गाड्या जातात, तिचाच! एलिट, सुपर, सीनियर अशा श्रेणी तेथेही आहेत. शिवाय नागपुरातच २००१ साली विजय बारसे या क्रीडाशिक्षकांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी 'स्लम सॉकर' सुरू केले. त्या कामावरून २०२२ मध्ये निघालेला 'झुंड' हा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल.

नागपूर तिरोड्याहून रेल्वेने शंभर-एक किलोमीटर. नोकरीसाठी, दवाखान्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी आम्ही तेवढे सहज जातो. पण तेरा वर्षांच्या पोराला दर रविवारी चेंडूसाठी नागपूरला धाडा, असे कोणत्या आईबापांना सांगायचे?

आणि येथेच ती उणी असलेली गोष्ट येते. आमच्या भागात स्पर्धा पुष्कळ होतात. कबड्डीच्या होतात, टेनिस बॉलच्या क्रिकेटच्या होतात, कधी फुटबॉलच्याही होतात. मंडप पडतो, ध्वनिक्षेपक लागतो, फलकावर पाहुण्यांचे फोटो झळकतात, पहिले बक्षीस अमुक हजार. पण या बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीच्या. हरला तो घरी. गेल्या हिवाळ्यात अशाच एका स्पर्धेला जवळच्या खेड्यातला एक संघ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आला होता. बारा पोरे, त्यांतल्या सात जणांच्या पायांत बूट नव्हते. प्रवेश फी गावातून गोळा केलेली. पहिला सामना बरोबरीत सुटला, पंचांनी पेनल्टी मारायला लावल्या, एका पोराचा चेंडू बांबूवरून गेला. साडेनऊला आलेला संघ साडेदहाला ट्रॉलीत परत बसला. तो पोरगा ट्रॉलीच्या कडेला पाठ फिरवून बसला होता. त्याला कोणी रागावले नाही. पण पुढचा सामना केव्हा, असे त्याने विचारले असते तर उत्तर एकच होते: पुढच्या वर्षी.

हिशेब करून पाहा. बाद पद्धतीच्या स्पर्धेत सोळा संघ आले तर एकूण पंधरा सामने होतात आणि त्यांतले आठ संघ एकच सामना खेळून घरी जातात. आठ संघ असतील तर सात सामने, आणि चार संघांच्या वाट्याला एकेकच सामना. तेच आठ संघ लीग खेळले, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा, तर सामने होतात अठ्ठावीस. प्रत्येकाला सात. पहिल्यालाही सात आणि शेवटच्यालाही सात! दर रविवारी चार सामने घेतले तर सात रविवार पुरतात. मंडई संपली की सुरू करा, परीक्षा जवळ येण्यापूर्वी आटोपते. चुकलेल्या पोराला पुढची संधी पुढच्या वर्षी नाही, पुढच्या रविवारी मिळते. खेळाडू घडतो तो बक्षिसाने नव्हे, या पुढच्या रविवाराने.

आणि आठ गावे काय सापडणार नाहीत? आमगाव, गोंदिया, तिरोडा, तुमसर, भंडारा ही तर एकाच रेल्वेमार्गावर ओवलेली आहेत. साकोली, गोरेगाव, देवरी जवळच. अकरा जणांचा संघ जमत नसेल तर सातांचा करा, मैदान लहान घ्या. खर्च म्हणाल तर चेंडू, चुना, बांबू आणि शिट्टी. खरा खर्च माणसांचा आहे. तक्ता ठेवणारा एक हवा, पंच म्हणून शिव्या खायला तयार असलेला एक हवा, आणि पाऊस येवो की पाहुणे येवोत, ठरल्या वेळी मैदानावर येणारे दोघे हवेत. वेल्समध्ये दीडशे वर्षे अशीच माणसे आहेत. त्यांची नावे कोणत्या वर्तमानपत्रात येत नाहीत.

आमचे एक शेजारी, रेल्वेतून निवृत्त झालेले, हे ऐकून म्हणाले, "सारे खरे जी, पण फुटबॉल खेळून पोट भरते काय?"

त्यांची शंका रास्त आहे आणि ती टाळू नये. उत्तर असे, की बहुतेकांचे भरत नाही. वेल्सच्या वरच्या लीगमध्येही पुष्कळसे खेळाडू आठवडाभर दुसरी नोकरी करतात आणि संध्याकाळी सरावाला येतात. पोट भरण्यासाठी खेळ, हा हिशेब मांडला की दहा हजारांत एक उरतो आणि बाकीचे वाया गेले असे वाटते. गाव जोडण्यासाठी खेळ, असा हिशेब मांडला की कोणीच वाया जात नाही. आमच्या गावची पोरे अठरा वर्षांची झाली की नागपूर, पुणे, हैदराबाद गाठतात. जावे लागते, त्याला इलाज नाही. पण गावाशी त्यांचे नाते मग लग्नपत्रिकेपुरते आणि मंडईपुरते उरते. ज्याच्या गावाचा संघ आहे त्याला पुण्याच्या खोलीतही रविवारी संध्याकाळी प्रश्न पडतो, आज आपले काय झाले? त्या 'आपले' या शब्दाची किंमत कोणत्या बक्षिसाच्या रकमेत मोजायची?

आणखी एक गोष्ट मुलींच्या आयांसाठी. हा विचार करताना पोरीही ध्यानात ठेवा. वेल्समध्ये मुलींची स्वतंत्र लीग आहे. आमच्याकडच्या मुली शाळेच्या मैदानावर कबड्डीत पोरांच्या बरोबरीने दम धरतात, आणि आठवी-नववी झाली की घरात बसतात. त्यांच्यासाठी सुरुवातीला चारच संघ निघाले तरी सहा सामने होतील.

देशाच्या पातळीवर आपण शिडी वरून बांधायला घेतली. २०१४ मध्ये आठ शहरांचे झगझगीत संघ घेऊन इंडियन सुपर लीग निघाली. खालून जिंकत आलेल्या संघाला तिच्यात चढायला पहिली वाट मिळाली ती २०२३ मध्ये, पंजाबच्या संघाला. नऊ वर्षे वरच्या मजल्यावर दिवे होते आणि जिना नव्हता. आता जिन्याचा वरचा टप्पा झाला आहे. खालचा टप्पा दिल्लीत किंवा मुंबईत बसून कोणी बांधून देणार नाही. तो तिरोड्यात, तुमसरात, आमगावातच बांधावा लागेल. देशाला खेळाडू मिळो न मिळो, त्या ट्रॉलीतल्या पोराला पुढचा रविवार मिळेल, आणि एवढ्यासाठीही तो बांधण्याजोगा आहे.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत मुलाला पाठीवर परदेशी नाव छापलेला सदरा घेऊन दिला असेल तर बरेच केले. त्याची हौस खरी आहे. सोबत एक चेंडूही द्या, आणि शेजारच्या गल्लीतल्या, शेजारच्या गावातल्या दोन-चार आईबापांशी बोला. सात रविवारांचा एक तक्ता कागदावर आखायला अर्धा तास लागतो. तो आखला आणि गावातल्या चहाच्या दुकानात चिकटवला, की पहिली पायरी झाली. दिवाळीच्या शुभेच्छा तुम्हां सर्वांना, आणि तुमच्या गावाच्या अजून न निघालेल्या क्लबालाही!